पुस्तकाच्या क्रमाने की मुलांच्या पातळीने? जोडवर्गाचं वार्षिक नियोजन

शाळा उघडून आठवडा होत नाही तोच केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे अधिकारी, वार्षिक नियोजन मागतात. द्विशिक्षकी शाळेत तिसरी-चौथीचा जोडवर्ग, म्हणजे दोन्ही इयत्ता एकाच शिक्षकाकडे, वाट्याला आला असेल, तर टाचणवही (पाठांची आखणी लिहायची वही) उघडण्याआधी एक ठरवावं लागतं. दोन्ही इयत्तांची पुस्तकं पहिल्या पाठापासून महिन्यांवर वाटून टाकायची, की सगळ्या मुलांना एकत्र धरून ज्याला जे येतं त्यावरून गट पाडायचे? मी दोन्ही करून पाहिलं आहे.

आधी दिवस मोजा. शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान 200 दिवस आणि 800 तास ठरवले आहेत. म्हणजे दिवसाला सरासरी चार तास. जोडवर्गात तेही दोघांत वाटले जातात. तिसरीला शिकवताना चौथी स्वाध्याय सोडवते, निदान सोडवत असल्याचं दाखवते. विदर्भात तर शाळाच जूनच्या शेवटी उघडते, त्यामुळे दिवाळीपर्यंतचं सत्र आणखी आखूड.

क्रमाने जाण्यात सोय मोठी आहे. घटक आणि तासिका ठरलेल्या, सत्राअखेरच्या संकलित चाचणीला किती भाग झाला हे एका नजरेत कळतं. पालकांनाही पुस्तकाचं पान पुढे सरकलेलं दिसतं. तुमची बदली झाली तर येणाऱ्या शिक्षकाला कुठून धरायचं ते सापडतं. नवख्या माणसाला पहिल्या वर्षी हाच आधार वाटतो, आणि त्यात कमीपणा काही नाही.

पण हे नियोजन मूल रोज शाळेत येतं असं धरून चालतं. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुलं दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात. मागे राहून शिकायला सगळ्यांनाच गावात हंगामी वसतिगृह मिळतं असं नाही. मार्च-एप्रिलमध्ये ती परततात तेव्हा वर्ग भागाकार संपवून अपूर्णांकांत शिरलेला असतो. एका वर्षी मी नोव्हेंबरात वेळापत्रकाप्रमाणे चौथीचा भागाकार काढला आणि फळ्याजवळ आलेल्या सात मुलांपैकी तिघांना हातच्याची वजाबाकीच येत नव्हती. नियोजन माझ्या वहीत वेळेवर होतं, मुलं मागे होती.

पातळीने आखलं की परतलेलं मूल सोडलेल्या जागी पुन्हा बसतं. तिसरीतला चुणचुणीत मुलगा चौथीच्या गटात गुणाकार करतो, चौथीतली मुलगी दशकाचे गठ्ठे बांधत बसते. मात्र याची किंमत शिक्षक मोजतो. दीड-दोन महिन्यांनी छोटी चाचणी घ्या, गट हलवा, तीन गटांना तीन प्रकारचं साहित्य द्या. शिवाय संकलितची प्रश्नपत्रिका शेवटी इयत्तेचीच येते. गटांना ‘हुशार’, ‘कच्चा’ अशी नावं तर चुकूनही देऊ नका. मी फुलांची दिली होती, तरी आठवड्याभरात कोणतं फूल ‘ढ’ आहे ते सगळ्यांना कळलं! तेव्हापासून दर महिन्याला नावं बदलतो.

विषयही सारखे नाहीत. वाचन आणि गणितात पातळीच खरी. परिसर अभ्यासात मात्र गट पाडणं व्यर्थ. तिथे तिसरी-चौथीचे जुळणारे घटक एकत्र करून ऋतूला जोडा. पाणी जुलैत, पिकं ऑक्टोबरात. शेतात भात उभा असताना चित्रातलं रोप कशाला दाखवायचं? शिवरायांचा इतिहास चौथीचा, पण अफजलखान आला की तिसरी आपोआप पाटी खाली ठेवते. तो वेळ तिच्या नियोजनात धरूनच टाका.

तर निवडायचं कसं? जूनअखेर प्रत्येकाकडून एक उतारा वाचून घ्या आणि चार उदाहरणं सोडवून घ्या. बहुतेक मुलं इयत्तेच्या आसपास असतील, हजेरीही टिकून असेल, तर क्रमानेच जा, उगाच पसारा मांडू नका. वर्गातली तिसरा हिस्सा मुलं मागे असतील, तर सकाळचा दीड तास भाषा-गणिताचे गट आणि उरलेला वेळ पुस्तकाच्या क्रमाने. मी स्वतः हेच करतो. डिसेंबर-जानेवारी मुद्दाम हलके ठेवतो, कारण सहल, क्रीडास्पर्धा आणि स्नेहसंमेलन नियोजनाला विचारून येत नाहीत.

छापील नमुन्यात गटांसाठी रकाना नसतो. मी ‘शेरा’ या रकान्यात गट लिहितो आणि चाचणीचे कागद वहीतच टाचून ठेवतो. केंद्रप्रमुखांनी विचारलं की तेच पुढे करतो.