काही महिन्यांसाठी तुलूझ की माँपेलिए?

नोकरीच्या किंवा शिक्षणाच्या निमित्ताने फ्रान्सच्या दक्षिणेत सहा-आठ महिने राहायला जाणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना या दोन शहरांतून एक निवडावे लागते. मी आधी चार महिने तुलूझमध्ये राहिलो आणि नंतर पाच महिने माँपेलिएत. ज्याचे काम एअरबस या विमाने बनवणाऱ्या कंपनीशीच बांधलेले आहे त्याला अर्थात तुलूझवाचून पर्याय नाही. हे लेखन बाकीच्यांसाठी आहे.

तुलूझ पहिल्याच संध्याकाळी मनात भरते. उतरत्या उन्हात विटांच्या भिंती गुलाबी होतात, गारोन नदीच्या काठावर लोक खाण्याचे जिन्नस घेऊन निवांत बसतात, आणि १९९३ पासून धावणाऱ्या चालकविरहित मेट्रोमुळे शहर मोठे असूनही अंतर जाणवत नाही. घर भाड्याने मिळवण्याचा त्रास मला दोन्हीकडे सारखाच झाला, कारण घरमालकांना जामीनदार फ्रान्समधलाच हवा असतो. तात्पुरत्या कामासाठी किंवा शिक्षणासाठी येणाऱ्यांनी ‘बाय मोबिलिते’ या एक ते दहा महिन्यांच्या कराराची चौकशी अवश्य करावी; त्यात अनामत रक्कम मागता येत नाही.

माझा निर्णय मात्र वाऱ्याने केला. आग्नेयेकडून येणाऱ्या या वाऱ्याला तिथे ‘ओतां’ म्हणतात, आणि तो तीन, सहा किंवा नऊ दिवस वाहतो, असा लोकांचा समज आहे. माझ्या चौथ्या मजल्यावरच्या खोलीच्या खिडकीबाहेरील लाकडी झडपेची खिट्टी भिंतीवरच्या कड्यात नीट बसत नसे, त्यामुळे रात्री दोन-अडीचला झडप भिंतीवर आपटू लागे. मी बॅगेचा पट्टा काढून ती गजाला बांधली, तरी वाऱ्याचा घोंघावता आवाज काही थांबेना. तिसऱ्या दिवशी डोके जड होई आणि कामात लक्ष लागत नसे. शेजारच्या आजीबाईंनी हा वारा माणसाला वेड लावतो असे सांगितले, तेव्हा मला त्यात अतिशयोक्ती वाटली नाही. कदाचित माझी खोलीच वाईट असेल, हेही खरे.

वारा माँपेलिएतही आहे, पण माझी झोप त्याने मोडली नाही. शरद ऋतूत सेवेन डोंगरांकडून येणारा पाऊस तासन्‌तास कोसळतो आणि रस्ते तुंबतात. पण कोकणात वाढलेल्या मला त्याची धास्ती वाटली नाही. २१ डिसेंबर २०२३ पासून महानगर क्षेत्रातील रहिवाशांना ट्राम व बस मोफत आहे, मात्र त्यासाठी पत्त्याचा पुरावा लागतो, आणि तो हातात येईपर्यंत सुरुवातीचे तीन आठवडे मी तिकीट काढूनच फिरलो. जुन्या गावातला मोठा भाग केवळ पायी चालणाऱ्यांसाठी आहे, आणि सुटीच्या दिवशी ट्रामने पेरोलपर्यंत जाऊन पुढे सायकलने समुद्र गाठता येतो. कामाच्या संधी तुलूझमध्ये अधिक आहेत, हे नाकारता येणार नाही. शिवाय माँपेलिएच्या मध्यवर्ती गल्ल्यांत विद्यार्थ्यांचा गलबला उशिरापर्यंत चालतो, म्हणून मी थोडे उत्तरेला, बोझारच्या बाजूला घर घेतले.

तरीही तुलूझच ठरले असेल, तर घर पाहताना आग्नेयेकडे उघडणारी खिडकी शक्यतो टाळावी, आणि झडपेची खिट्टी स्वतःच्या हाताने लावून पाहिल्याशिवाय करारावर सही करू नये.