सिल्कसॉन्ग की हेडीस २: आधी कोणता घ्यावा?

२०२५ च्या सप्टेंबरात हे दोन्ही व्हिडिओ गेम तीन आठवड्यांच्या अंतराने आले. ४ तारखेला ‘हॉलो नाइट: सिल्कसॉन्ग’, २५ तारखेला ‘हेडीस २’ची पूर्ण आवृत्ती. दोन्ही एकदम घेऊन ठेवले तर त्यातला एक हमखास अर्धवट पडून राहतो, म्हणून आधी कोणता हे ठरवून घेतलेलं बरं. चित्रं, संगीत, कथा यांत दोघांनाही नावं ठेवायला जागा नाही, तेव्हा त्यावर वेळ घालवत नाही. माझ्या मते निवड एकाच मुद्द्यावर ठरते: बॉसकडून, म्हणजे वाट अडवणाऱ्या बलाढ्य शत्रूकडून, हरल्यावर त्याच्यासमोर पुन्हा उभं राहायला किती वेळ लागतो.

सिल्कसॉन्गबद्दल सगळ्यात मोठी ओरड याचीच आहे. मेलात की शेवटच्या बाकावर (विसावा घेऊन खेळ जतन करायची जागा) परत, आणि तिथून बॉसपर्यंत पळत जायचं. लास्ट जज हा बॉस त्यातला बदनाम नमुना. बाक ब्लास्टेड स्टेप्स या प्रदेशात खालच्या अंगाला, बॉस पार वर. मधे वाऱ्याचे झोत, भिंतीवरून भिंतीवर उड्या आणि हवेतून गिरमिटासारखे अंगावर येणारे किडे. रस्ता पाठ झाला की मिनिटभरात पोचता येतं. पाठ नसेल तर जास्त वेळ लागतो आणि पोचेपर्यंत एखाददोन मास्क (आयुष्य मोजायचं माप) गेलेले असतात. यावर उपाय म्हणजे वाटेतल्या किड्यांशी लढत बसू नका, धावण्याचं बटण सोडू नका आणि कुठल्या कठड्यावरून उडी घ्यायची ते एकदा शांतपणे ठरवून टाका. आणखी एक: हा बॉस मरताना स्फोट होऊन फुटतो. जिंकलो म्हणून जवळ उभे राहिलात तर दोन मास्क जातात, आणि तेवढेच उरले असतील तर सगळी लढाई पुन्हा. तो कोसळला की आधी लांब पळा.

हेडीस २ मध्ये ही कटकट नाही, असं बहुतेक जण सांगतात. मला ते पटत नाही. तिथे कटकट आहेच, फक्त मोठ्या मापाची आहे. क्रोनोस या शेवटच्या बॉसकडून हरलात की थेट क्रॉसरोड्सवर, म्हणजे सुरुवातीच्या तळावर. मग एरेबस, ओशिअनस, फील्ड्स ऑफ मोर्निंग, टार्टारस हे प्रदेश पुन्हा. वाटेत हेकाटी, सिला आणि तिच्या सायरन, मग इन्फर्नल बीस्ट हे बॉस. रन, म्हणजे तळापासूनची एक फेरी, छान जमली तरी अर्धा तास, सावकाश खेळणाऱ्याला पाऊण तास. क्रोनोसचा पहिला टप्पा संपला की त्याचं आरोग्य पुन्हा भरतं आणि दुसऱ्या टप्प्यात तो नव्या चाली काढतो. त्यातल्या घड्याळवाल्या हल्ल्यात सुरक्षित भागात वेळेत पोचला नाहीत तर रन जवळजवळ तिथेच संपते. ही एक चाल नीट बघून शिकायची, तर दर खेपेला चार प्रदेश पार करून यायचं. हात अजून त्या चालीला सरावलेला नसताना पुन्हा हेकाटीपासून सुरुवात. माझ्यापुरता निकाल इथेच लागला. मिनिटभराची पळापळ मी सोसू शकतो, कारण मागची चूक तोवर डोक्यात ताजी असते. अर्ध्या तासाने ती विसरलेली असते.

हेडीस २ च्या बाजूने बोलायचं तर तो अर्धा तास वाया जात नाही. प्रत्येक रनमध्ये देवांचे वर वेगळे मिळतात, गोळा केलेली सामग्री मेल्यावरही राहते, परतल्यावर कुणी ना कुणी नवं काही बोलतं. ज्यांना बॉसपेक्षा जुळवाजुळव आवडते, म्हणजे हेस्टियाचा जाळ कुठल्या शस्त्रावर चढवावा, अपोलोचा कास्ट (जमिनीवर टाकायचं जादूचं वर्तुळ) घ्यावा की डिमीटरचा, त्यांना ही पुनरावृत्ती जाणवणारही नाही. शिवाय गॉड मोड आहे. तो चालू केला की मार वीस टक्क्यांनी कमी लागतो आणि प्रत्येक मरणामागे आणखी दोन टक्के सूट, ऐंशी टक्क्यांपर्यंत. सिल्कसॉन्गमध्ये असं काहीच नाही. सिल्कसॉन्ग बनवणाऱ्या टीम चेरीने प्रकाशनानंतर मूरविंग आणि सिस्टर स्प्लिंटर हे सुरुवातीचे बॉस थोडे सौम्य केले, पण काठिण्य निवडायची सोय दिली नाही. मनगट किंवा बोटं दुखत असतील, किंवा कथेसाठीच खेळायचं असेल, तर हेडीस २ घ्या.

वेळेचा हिशेब करताना सेव्हची पद्धतही बघा. हेडीस २ मध्ये कुठल्याही दालनात उठून गेलात तर त्या दालनाच्या सुरुवातीपासून पुढे खेळता येतं. सिल्कसॉन्गमध्ये बाहेर पडलात की पुढच्या वेळी शेवटच्या बाकावर. नकाशाचा नवा भाग हिंडत असाल तर बाक सापडेपर्यंत उठवत नाही. जेवायला हाका पडणाऱ्या घरात हा फरक लहान नाही.

सिल्कसॉन्ग घेणार असाल तर सुरुवातीला अडवणाऱ्या तीन गोष्टी सांगतो. पहिली, मास्क पाच असतात आणि बऱ्याच बॉसचा एक फटका दोन मास्क नेतो. म्हणजे पाच म्हणजे प्रत्यक्षात तीनच फटके. जखम भरायची चाल ‘बाइंड’ नऊ रेशीम (लढताना साठणारी शक्ती) खाऊन एकदम तीन मास्क भरतो, त्यामुळे एक मास्क गेल्यावर तो वापरणं ही उधळपट्टी. दोन मास्कांचा एक फटका बसून गेला की संधी शोधायची, आणि शक्यतो हवेत उडी घेऊन बाइंड करायचा, कारण मधेच मार बसला तर रेशीम फुकट जातं. दुसरी, आपण खेळतो त्या हॉर्नेटचा खाली मारण्याचा वार तिरपा जातो. ‘हॉलो नाइट’ या आधीच्या गेमची सवय असलेले इथे सारखे चुकतात. आठवडाभरातही बसला नाही तर बोनग्रेव्ह या भागातलं वाँडरर क्रेस्ट (लढण्याची पद्धत बदलणारं चिन्ह) शोधा, त्याचा वार सरळ खाली जातो. तिसरी, मेल्यावर जपमाळेचे मणी, म्हणजे या गेममधले पैसे, मेल्या जागी उरणाऱ्या कोशात अडकतात आणि तिथवर पोचायच्या आत पुन्हा मेलात तर ते गेले. मण्यांच्या माळा करून ठेवल्या की त्या कोशात जात नाहीत. माळ ओवताना थोडी वटणावळ द्यावी लागते, ती आनंदाने द्या.

हेडीस २ ला एवढी शिकवणी लागत नाही. कास्टचं वर्तुळ टाकून शत्रू त्यात अडकवायचा आणि बाहेरून मारायचं, एवढं कळलं की हेकाटीपर्यंत पोचता येतं. पहिल्या प्रदेशासाठी ज्या देवाचं कीपसेक (सोबत न्यायची भेटवस्तू) घ्याल त्याचा वर आधी मिळतो, म्हणून शस्त्र ठरवूनच कीपसेक निवडा.

किमतीत सिल्कसॉन्ग स्वस्त: २० डॉलर विरुद्ध ३०. मोजक्या माणसांच्या संघाने एवढा प्रचंड नकाशा त्या किमतीत दिला, याचं मला मनापासून कौतुक आहे. मात्र स्टीमवर घेताना एक लक्षात ठेवा. परतावा १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तरच सहज मिळतो. हेडीस २ आवडतो की नाही हे दोन तासांत नक्की कळतं. सिल्कसॉन्गचा खरा चेहरा तेवढ्यात दिसत नाही. बेल बीस्ट या सुरुवातीच्या बॉसपर्यंत सगळं सोपंच वाटतं. त्यामुळे शंका असेल तर त्या दोन तासांतच हंटर्स मार्च या अवघड भागाकडे एक फेरी मारून बघा. तिथला मार खाऊनही पुन्हा जावंसं वाटलं तर गेम ठेवा.

आणि पुढे लास्ट जज काही केल्या जमत नसेल तर त्याच्यावर अडून बसायची सक्ती नाही. ग्रेमूरमधून सिनर्स रोडला उतरा, पुढे द मिस्टमध्ये नीडोलिन हे हॉर्नेटचं वाद्य वाजवत वाट काढा आणि एक्झॉस्ट ऑर्गनमधल्या फँटम या बॉसला हरवा. त्या वाटेनेही सिटाडेल, म्हणजे लास्ट जजच्या पलीकडचा बालेकिल्ला, गाठता येतो, आणि फँटमची लढाई माझ्या मते दोघांत जास्त देखणी आहे.