युकॉन डिनाली स्वस्तात मिळतेय, पण ती थरथरते म्हणतात: घ्यावी का?

भारतातून आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले, की अमेरिकेतल्या मराठी घराला पहिल्याच शनिवारी कळतं, आपली गाडी आता पुरणार नाही. दोन मुलं, दोघं आपण, दोघं ते, शिवाय मंडळाच्या कार्यक्रमाला न्यायचं मसालेभाताचं पातेलं. मग जुन्या मोठ्या एसयूव्हींचा शोध सुरू होतो आणि २०१५ ते २०१७ ची जीएमसी युकॉन डिनाली, म्हणजे युकॉनची महागडी आवृत्ती, समोर येते. लेदरच्या सीटा, बोसचे स्पीकर, ६.२ लिटरचं व्ही-८ इंजिन, ४२० अश्वशक्ती. तेवढ्याच वयाच्या टोयोटा सिक्वोयापेक्षा किंमतही बहुतेक वेळा कमी. हात खिशाकडे जातो न जातो तोच कोणीतरी सांगतं, ‘अरे, त्या गाड्या हायवेवर थरथरतात.’

एक गोष्ट आधीच सांगतो. ट्रेलर किंवा बोट ओढायची नसेल, बर्फातल्या डोंगरात जायचं नसेल, तर टोयोटा सिएना किंवा होंडा ओडिसी घ्या आणि हा लेख इथेच सोडा. आजींना चढायला सोपी, तिसऱ्या रांगेत पाय मावतात, पेट्रोलही कमी. पण मिनीव्हॅन नकोच असं घरात ठरलं असेल (आणि ते नेमकं कोणी ठरवलं हे विचारण्यात अर्थ नसतो), तर पुढे वाचा.

जनरल मोटर्सच्या (जीएम) या पिढीत सहा भावंडं येतात: शेवरले टाहो आणि सबर्बन, जीएमसी युकॉन आणि युकॉन एक्सएल, कॅडिलॅक एस्कलेड आणि तिची लांब आवृत्ती. सगळ्या २०१५ ते २०२० या मॉडेल वर्षांच्या, सगळ्या डॅलसजवळच्या आर्लिंग्टनच्या कारखान्यातल्या. तळेगावला जीएमचा कारखाना होता, पण या गाड्या भारतात अधिकृतपणे कधी विकल्या गेल्या नाहीत. त्यामुळे पुण्याच्या मेहुण्याला फोन करून उपयोग नाही.

‘थरथरते’ या एका शब्दाखाली किमान चार वेगळी दुखणी लपलेली आहेत. एक काही शे डॉलरात बरं होतं, एकाचा खर्च हजारांत जाऊ शकतो आणि एकाचं कारण सापडायलाच महिने लागतात. गाडी घ्यायची की नाही, हे त्यातलं कोणतं तुमच्या वाट्याला येतंय यावर ठरतं.

पहिलं दुखणं टायरचं. ताशी ७० मैलांवर या गाड्यांचं चाक सेकंदाला साधारण १२ वेळा फिरतं. टायर जरासा अंडाकृती असला किंवा त्याची एक बाजू कडक असली, की तेवढेच हादरे सीटमधून वर येतात. चारही चाकं जवळजवळ एकाच वेगाने फिरतात, पण अगदी एकाच नाही. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा किंचित बेसूर असल्या की नाद जसा लाटेसारखा उठतो आणि बसतो, तशी ही थरथर येते, दहा-वीस सेकंदांनी विरते, पुन्हा येते. विक्रेता म्हणतो, रस्ता खराब आहे. रस्ता नव्हे, टायर. साध्या बॅलन्सिंगमध्ये हे सापडत नाही. टायरवर रोलर दाबून मोजणारं रोड फोर्स मशीन लागतं. चार चांगले टायर टाकले की बहुतेक वेळा प्रश्न मिटतो. २२ इंची चाकांवर टायरची भिंत बुटकी असते, म्हणून ही तक्रार तिथे जास्त जाणवते. १८ इंचीवर कमी.

दुसरं प्रोपेलर शाफ्टचं, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या लांब दांड्याचं. मागच्या अ‍ॅक्सलच्या गुणोत्तराप्रमाणे तो चाकाच्या ३.०८ ते ३.४२ पट वेगाने फिरतो, म्हणजे त्याच ७० मैलांवर सेकंदाला ३८ ते ४२ वेळा. ही थरथर बारीक असते. कपहोल्डरमधल्या कॉफीवर वर्तुळं उठतात, आरसा धूसर दिसतो. दुरुस्ती होते, पण कारागीर जाणता हवा. नाहीतर टायर बदला, मग शाफ्ट बदला, मग पुन्हा टायर, असा खेळ चालतो.

तिसरं दुखणं फक्त आठ गिअरच्या गाड्यांचं. २०१५ च्या सुरुवातीच्या सहा गिअरच्या गाड्या सोडल्या, तर २०१५ ते २०१७ च्या डिनाली आणि एस्कलेडमध्ये ८एल९० नावाचा गिअरबॉक्स आहे. ताशी ३० ते ६५ मैलांच्या दरम्यान, पायाचा जरासाच भार असताना, टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या भागाचा) क्लच धड पकडत नाही आणि धड सोडतही नाही. टोलनाक्याआधी रस्त्यावर आडवे पट्टे असतात ना, त्यांवरून गेल्यासारखं एक-दोन सेकंद वाटतं. मूळ तेल ओलावा धरतं, हे त्याचं एक मोठं कारण. जीएमने १८-एनए-३५५ या क्रमांकाचं तांत्रिक पत्रक काढून जुनं तेल पूर्ण धुऊन काढायला आणि मोबिल १ चं नवं एलव्ही एटीएफ एचपी तेल भरायला सांगितलं. अनेक गाड्या एवढ्याने सुधारतात. ज्या सुधारत नाहीत त्यांचा टॉर्क कन्व्हर्टर बदलावा लागतो, आणि तो खर्च हजारांतला. गाडी पाहायला गेलात की हे काम झाल्याची पावती मागा. ‘झालंय, झालंय’ ही पावती नव्हे.

चौथ्याची मला सर्वांत जास्त धास्ती वाटते. या गाडीचं छत म्हणजे लांबरुंद पत्रा. त्याला खालून आडव्या पट्ट्यांचा आधार असतो आणि पत्रा त्या पट्ट्यांना चिकटपदार्थाने धरलेला असतो. ही पकड सुटली किंवा मुळातच नीट बसली नसली, की पत्रा पखवाजाच्या पुडीसारखा हलतो आणि बंद केबिनमधली हवा त्याच्याबरोबर दबते, सुटते. आवाज फारसा येत नाही, कारण कंप इतका मंद असतो की कानाच्या ऐकण्याच्या सीमेवरच घुटमळतो. त्याऐवजी कानात दडे बसतात, घाट चढताना बसतात तसे. पंधरा-वीस मिनिटांत डोकं जड होतं. ज्यांना गाडी लागते त्यांना ती हमखास लागते. ही तक्रार २०१५ च्या आसपासच्या गाड्यांबाबत इतकी आली, की हेडलायनर (छताचं आतलं अस्तर) उतरवून पट्ट्या आणि पत्रा पुन्हा चिकटवण्याची पद्धत जीएमला डीलरांना द्यावी लागली. काहींना त्याने आराम पडला, काहींना अर्धवटच.

यात आणखी एक गोंधळ मिसळतो. पेट्रोल वाचवण्यासाठी ही व्ही-८ इंजिनं हलक्या भाराला चारच सिलिंडरांवर चालतात. १५०० आरपीएमवर आठ सिलिंडर सेकंदाला १०० स्फोट देतात, चार सिलिंडर ५०. सूर एकदम सप्तकभर खाली येतो आणि केबिन घुमायला लागते. हा बिघाड नव्हे, गाडीची धाटणीच तशी आहे. पण टेस्ट ड्राइव्हवर नवख्याला दोन्ही सारखंच वाटतं.

म्हणून टेस्ट ड्राइव्ह नेहमीची पाच मिनिटांची नको. अर्धा तास तरी घ्या, गुळगुळीत काँक्रीटचा हायवे निवडा, रेडिओ आणि एसीचा पंखा बंद. ७० वर वेग स्थिर ठेवा. थरथर जाणवली तर मॅन्युअल मोडमध्ये एक गिअर खाली या, वेग तोच ठेवून. इंजिनाचे फेरे वाढले तरी थरथर जशीच्या तशी राहिली, तर ती चाकांची किंवा शाफ्टची. बदलली किंवा गेली, तर इंजिन किंवा गिअरबॉक्सची. मग मागची काच दोन बोटं खाली करा. कानातला दाब लगेच हलका झाला, तर संशय छतावर घ्या. शेवटी हायवे सोडून ४५ च्या रस्त्यावर या आणि पाय अलगद ठेवून चालवा. पट्ट्यांवरून गेल्याचा भास झाला तर तो क्लच.

आणि हे सगळं करताना मागे कोणीतरी बसलेलं हवं. चालवणाऱ्याला दडे कमी जाणवतात, त्याचं लक्ष रस्त्यावर असतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या रांगेत आईला किंवा सासूबाईंना बसवा आणि आधी काहीही सांगू नका. वीस मिनिटांनी त्यांनी स्वतःहून ‘जरा काच उघड रे’ म्हटलं, की मेकॅनिकचे पैसे वाचले.

आता पर्याय शेजारी शेजारी ठेवू.

जीएमच्याच घरात पाहायचं तर डिनालीपेक्षा साधी टाहो किंवा युकॉन एसएलटी शहाणी. ५.३ लिटर, ३५५ अश्वशक्ती, सहा गिअर. म्हणजे तिसरं दुखणं यादीतून गेलं. १८ इंची चाकांची मिळाली तर पहिलंही अर्धं गेलं. उरतात शाफ्ट आणि छत, आणि ती दोन्ही तुम्ही तपासणार आहातच. डिनालीचाच मोह असेल तर २०१८ ते २०२० ची बघा. तिच्यात आठऐवजी दहा गिअरचा बॉक्स आला. छताची बांधणी मात्र त्याच पिढीची, तेव्हा काच खाली करायची परीक्षा तिलाही लागू.

२०२१ ची नवी पिढी खरोखर वेगळी आहे. मागची दोन्ही चाकं एकत्र बांधणारा सलग अ‍ॅक्सल जाऊन प्रत्येक चाकाला स्वतंत्र सस्पेन्शन आलं, मागची चाल सुधारली आणि तिसऱ्या रांगेत मोठी माणसं बसू लागली. पण २०२१ ते २०२४ च्या ६.२ लिटर इंजिनांत क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉडच्या दोषावरून एप्रिल २०२५ मध्ये एकट्या अमेरिकेत सुमारे सहा लाख गाड्यांचा रिकॉल झाला. तपासणीत नापास झालेल्यांना इंजिन दुरुस्त किंवा बदलून, पास झालेल्यांना जाड ०डब्ल्यू-४० तेल. थरथरीला घाबरून नवी ६.२ घेणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. ५.३ त्या रिकॉलमध्ये नाही.

फोर्ड एक्स्पेडिशन, २०१८ पासूनची: ३.५ लिटरचं दुहेरी टर्बो व्ही-६, दहा गिअर, अ‍ॅल्युमिनियमची बॉडी. मागचं स्वतंत्र सस्पेन्शन फोर्डने २००३ च्या मॉडेलपासूनच दिलंय, म्हणून तिसऱ्या रांगेत गुडघे हनुवटीला लागत नाहीत. तिचं दुखणं वेगळं. थंड इंजिन सुरू करताना कॅम फेझरची (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणाऱ्या भागाची) खडखड हे प्रसिद्ध प्रकरण आहे, आणि दहा गिअरांत मधूनच धक्के बसल्याच्या तक्रारीही आहेत. पण खडखड ऐकू येते, म्हणून ती दाखवता येते आणि भांडता येते. कानातल्या दड्यांसाठी कोणाशी भांडणार? सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना जा, बॉनेट गार आहे का ते हात लावून पाहा आणि मगच किल्ली फिरवा.

सिक्वोया, २००८ ते २०२२. ५.७ लिटर व्ही-८, ३८१ अश्वशक्ती, सहा गिअर, सिलिंडर बंद करण्याची भानगड नाही, मागे स्वतंत्र सस्पेन्शन. जुनी, जाडजूड, विश्वासाची. बदल्यात सरासरी १४ मैल प्रति गॅलन, आणि अ‍ॅपल कारप्ले थेट २०२० ला. वर्षाला १२,००० मैल धरले तर चारचाकी ड्राइव्हच्या ५.३ टाहोच्या १८ मैलांपुढे सुमारे १९० गॅलन जास्त. तीन डॉलर गॅलनने ५७० डॉलर. एका टॉर्क कन्व्हर्टरपुढे हे काहीच नाही. गंमत अशी की, जीएमने सलग अ‍ॅक्सल सोडला आणि टोयोटाने २०२३ च्या नव्या सिक्वोयात तो परत आणला, वर हायब्रिडची बॅटरी तिसऱ्या रांगेखाली बसवून सामानाची सपाट जागा घालवली.

कागदपत्रांबाबत थोडक्यात. रिकॉल असेल तर गाडीच्या व्हीआयएन (ओळख) क्रमांकावरून एनएचटीएसए या अमेरिकेच्या सरकारी वाहतूक सुरक्षा संस्थेच्या साइटवर दिसतो आणि दुरुस्ती फुकट होते. वर सांगितलेलं गिअरबॉक्सचं काम आणि छताचं काम रिकॉल नव्हते, डीलरांना दिलेल्या सूचना होत्या. वॉरंटी संपली की पैसे तुमचे. शेवरले आणि जीएमसीची पॉवरट्रेन (इंजिन-गिअरबॉक्सची) वॉरंटी २०१५ च्या मॉडेलला ५ वर्षं किंवा १,००,००० मैल, २०१६ पासून ५ वर्षं किंवा ६०,००० मैल, कॅडिलॅकची ६ वर्षं किंवा ७०,००० मैल. या वयाच्या गाड्यांची ती कधीच संपली. आठ गिअरच्या बॉक्सवरून ग्राहकांनी जीएमवर भरलेल्या खटल्यातून काही मिळेल अशी आशाही धरू नका. सगळ्या ग्राहकांच्या वतीने एकत्र लढायचा, २०२३ मध्ये मान्य झालेला सामूहिक दर्जा अमेरिकेच्या सहाव्या सर्किट अपील न्यायालयाच्या पूर्ण पीठाने जून २०२५ मध्ये रद्द केला. विक्रेता वेगळी विस्तारित वॉरंटी गळ्यात मारेल. तिच्यात ‘तुटलेला भाग’ हे शब्द शोधा, कारण घुमणाऱ्या छतात तुटलेला भाग कोणी दाखवू शकत नाही.

माझा क्रम विचाराल तर: आई-बाबा नेहमी बरोबर असतील आणि बजेट बसत असेल तर जुनी सिक्वोया. तिसऱ्या रांगेत मोठी माणसं बसणार असतील तर एक्स्पेडिशन. पैसे मोजके असतील तर ५.३ ची टाहो, १८ इंची चाकांची. २०१५ ते २०१७ ची डिनाली दोनच अटींवर: तेल बदलल्याची पावती हातात असावी, आणि मागच्या सीटवरून कोणी काच उघडायला सांगितलेली नसावी.