‘तुमची हिस्टरी आमच्याकडे आहे’ असे सांगून झालेली फसवणूक

माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणतो, त्यांना ब्राउझरच्या हिस्टरीचा, म्हणजे पाहिलेल्या पानांच्या यादीचा, धाक दाखवून सुमारे 60 हजार रुपयांना लुबाडण्यात आले. त्यांच्याच संमतीने, पण नाव-गाव न देता, ही हकिकत लिहीत आहे. ज्या माहितीच्या जोरावर त्यांना घाबरवले गेले ती कोणत्याही संगणकावर दोन कळा दाबून दिसते, आणि बहुतेकांना हे ठाऊक नसते यावरच ती टोळी जगते आहे.

वीजबिल भरण्याचे संकेतस्थळ शोधताना दादांनी शोधनिकालांत सर्वांत वर आलेल्या जाहिरातीवर क्लिक केले आणि सगळा पडदा व्यापणारी लाल सूचना उमटली. आक्षेपार्ह मजकूर पाहिल्यामुळे हा संगणक बंद करण्यात आला आहे, पुढील कारवाई टाळण्यासाठी खालील क्रमांकावर संपर्क साधावा, असा तिचा आशय होता. सोबत कर्कश भोंगा वाजत होता आणि माऊसचा बाण जागचा हलत नव्हता. वास्तविक ते एक साधे वेबपान होते. अशी पाने ब्राउझरला पूर्ण पडद्यावर नेतात, म्हणून संगणकच बंद पडल्याचा भास होतो. एस्केपची कळ काही क्षण दाबून धरली की बहुधा सुटका होते, आणि नाहीच झाली तर संगणक सरळ बंद करून पुन्हा सुरू करावा. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन क्रमांक कधीही नसतो, हे त्या कंपनीनेच जाहीर केलेले आहे.

दादांनी फोन केला. पलीकडच्या माणसाने अत्यंत आदबशीर हिंदीत धीर दिला आणि दुरून संगणक हाताळता येईल असे एक सॉफ्टवेअर त्यांच्याकडून उतरवून घेतले. मग त्याने कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडून एक आज्ञा टाइप केली, तशी अनोळखी नावांची लांबलचक यादी पडद्यावरून सरकू लागली. ‘ही सगळी संकेतस्थळे तुमच्या संगणकावरून पाहिली गेली आहेत आणि त्याची नोंद सायबर विभागाकडे गेली आहे,’ असे तो म्हणाला.

ती यादी खोटी नव्हती, तिचा सांगितलेला अर्थ खोटा होता. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता मिळाला की विंडोज तो थोडा काळ जवळ ठेवते. त्या साठ्याला डीएनएस कॅश म्हणतात. एखाद्या वर्तमानपत्राचे एकच पान उघडले तरी त्यातल्या जाहिराती, चित्रे आणि वाचकांचा माग ठेवणाऱ्या कंपन्या यांच्या सर्व्हरची नावे त्यात येऊन पडतात. काही वेळा तर पानावरच्या नुसत्या दुव्यांचे पत्तेही ब्राउझर आधीच शोधून ठेवतो. म्हणजे त्या यादीत नाव असणे आणि तुम्ही ते संकेतस्थळ पाहिलेले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

यानंतर त्याने कंट्रोल आणि एच या कळा दाबल्या. क्रोममध्ये त्यामुळे साधारण 90 दिवसांची हिस्टरी समोर येते. दादा त्या काळात लघवीच्या एका त्रासाने हैराण होते आणि घरात कोणालाही न सांगता त्याविषयी वाचत होते. त्या माणसाने ते शोध एकेक करून मोठ्याने वाचून दाखवले आणि घरच्यांना हे कळले तर कसे वाटेल, असे विचारले. एका वृद्ध माणसाच्या आजारपणाचे असे भांडवल करणे हा माझ्या लेखी पैशांच्या चोरीहून मोठा अपराध आहे. आजाराची माहिती वाचणे हा काही गुन्हा नव्हे. गुन्हा समोरचा माणूस करत होता, कारण संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66ड खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परंतु त्या घटकेला दादांना हे सांगणारे जवळ कोणी नव्हते.

पाच वर्षांच्या ‘प्रायव्हसी पॅकेज’चे 15 हजार त्यांनी त्याच वेळी नेट बँकिंगने भरले. पुढे सायबर पोलीस असल्याचे सांगून दुसऱ्याच माणसाचा फोन आला आणि नोंदीतून नाव वगळण्यासाठी 45 हजार मागण्यात आले. तेही गेले. तिसऱ्या मागणीच्या वेळी वहिनींनी दादांचा चेहरा पाहून खोदून विचारले, तेव्हा सारे उघड झाले.

संगणक तपासला तेव्हा पॅकेजच्या नावाखाली एक एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम, बसवलेले आढळले. त्याच्या परवानग्यांत सर्व संकेतस्थळांवरील माहिती वाचण्याची आणि बदलण्याची मुभा होती, म्हणजे खाजगीपणा राखण्याचे पैसे घेऊन त्यांनी घरात पाळत बसवली होती. दुरून हाताळण्याचे सॉफ्टवेअरही अजून संगणकातच होते आणि संगणक सुरू होताच आपोआप चालू होत होते. आम्ही संगणकाचे इंटरनेट तोडले, दोन्ही काढून टाकले, आणि बँकेचे व ईमेलचे पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदलले. त्याच संगणकावर नवा पासवर्ड टाइप केला असता तर तोही त्यांच्या हाती जाण्याची भीती होती.

ब्राउझरची हिस्टरी त्या माणसाने ‘कायमची नष्ट’ केली होती, आणि तिच्यासोबत त्या लाल पानाचा पत्ताही पुसला गेला होता, जो तक्रारीसाठी आम्हाला हवा होता. तो सापडला गूगल खात्याच्या ‘माझी ॲक्टिव्हिटी’ या पानावर. ब्राउझरमधली यादी पुसली तरी खात्यात साठलेली ही नोंद आपोआप जात नाही. ती तिथे जाऊनच काढावी लागते, किंवा ठरावीक महिन्यांनी आपोआप पुसली जाईल अशी सोय लावून ठेवावी लागते. इन्कॉग्निटो, म्हणजे ब्राउझरच्या ‘खाजगी’ खिडकीचेही तसेच आहे. ती फक्त त्या संगणकावर हिस्टरी उरू देत नाही. इंटरनेट पुरवणारी कंपनी, कार्यालयाचे नेटवर्क आणि खुद्द संकेतस्थळ यांच्यापासून ती काही लपवत नाही. या प्रश्नावर अमेरिकेत 2020 मध्ये गूगलवर दावा झाला होता आणि 2024 मधील तडजोडीत कंपनीने अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे मान्य केले.

खाजगीपणाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या प्रत्येक वस्तूकडे मी आता सावधपणे पाहतो, आणि त्याचे कारण केवळ दादांचा प्रसंग नाही. माग काढणाऱ्यांना रोखण्याची हमी देणाऱ्या अवास्ट या नामांकित अँटिव्हायरस कंपनीनेच ग्राहकांची ब्राउझिंगची माहिती जम्पशॉट या उपकंपनीमार्फत विकल्याचे अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेने म्हटले, आणि 2024 मध्ये त्या प्रकरणी 1 कोटी 65 लाख डॉलर भरण्याचा आदेश झाला.

तक्रार आम्ही 1930 या सायबर फसवणुकीसाठीच्या मदत क्रमांकावर आणि केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे संकेतस्थळावर नोंदवली. पैसे गेल्यावर जितक्या लवकर 1930 वर फोन होईल तितकी ती रक्कम पुढच्या खात्यांत गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते. आमच्या बाबतीत पहिली रक्कम केव्हाच पुढे गेली होती, दुसरीतला काही भाग एका खात्यात अडवला गेला आहे आणि तो परत मिळवण्याची प्रक्रिया चालू आहे. ज्या आजारासाठी दादा एकटेच वाचत बसत होते, त्यासाठी वहिनी त्यांना घेऊन आता तालुक्याच्या डॉक्टरांकडे जातात.