साडेनऊशेच्या मागचं शून्य

भोसरीतल्या एका ऑटो पार्ट्सच्या कारखान्यात मी ईडीपी, म्हणजे कॉम्प्युटर विभाग, सांभाळत होतो तेव्हाची, 2002 सालची ही गोष्ट. आयबीएमचा एएस/400 हा कंपन्यांच्या धंद्याच्या कामाचा कॉम्प्युटर; त्याचं जुनं, वापरलेलं मशीन आजही कोणी ना कोणी विकत घेतं, त्यांच्यासाठी लिहितोय.

आमच्याकडे मॉडेल 500 होतं. त्याचं सीपीडब्ल्यू 43.9. सीपीडब्ल्यू म्हणजे धंद्याचं काम मशीन किती उरकतं, हे सांगायला आयबीएमने ठरवलेलं माप. सत्तरएक लोक हिरव्या स्क्रीनवर बसायचे आणि रात्री एमआरपी, म्हणजे कोणता माल कधी आणि किती लागेल याचा हिशोब, चालायचा. त्याला पाच-साडेपाच तास लागत. पावणेदोन वर्षं मागे लागल्यावर साहेबांनी नव्या मशीनला हो म्हटलं, पण सेकंडहँडच घ्यायचं या अटीवर.

ज्या विक्रेत्याकडून घेतलं त्याने आयसिरीज 270, म्हणजे एएस/400 चीच पुढची पिढी, दाखवलं, 2252 प्रोसेसरचं. कोटेशनमध्ये एकच आकडा होता: 950 सीपीडब्ल्यू. "साहेब, तुमच्यापेक्षा बावीसपट! दहा वर्षं बघायला नको," असं तो आमच्या साहेबांच्या केबिनमध्ये म्हणाला. भागाकार मीही केला. बरोबर आला.

शनिवारी डेमो झाला. आमचे प्रोग्राम आणि डेटा त्यावर चढवले, त्यांच्या इंजिनिअरने एका स्क्रीनवरून एमआरपी सबमिट केला आणि पंचवीस मिनिटांत तो संपला. मी घड्याळ लावून बसलो होतो. संध्याकाळी इन्स्टॉलेशन रिपोर्टवर माझी सही झाली, चेकही गेला. जुनं मशीन बायबॅकमध्ये होतं, त्यासाठी मंगळवारी त्यांचा टेम्पो येणार होता.

सोमवारी नऊ वाजता सगळे साइन ऑन झाले. सव्वानऊला डिस्पॅचमधून फोन. तिथले काका एंटर मारून बसले होते आणि स्क्रीनच्या तळाशी 'थांबा' सांगणारा एक्स तसाच. एक मिनिट, दोन मिनिटं. तेव्हा एक्साइज इनव्हॉइस छापून आल्याशिवाय ट्रक गेटबाहेर जाऊ शकत नसे. दहा वाजेपर्यंत गेटच्या आत सात ट्रक उभे होते आणि काका स्वतः वर येऊन माझ्या दारात उभे. "अहो, जुनं बरं होतं की," एवढंच म्हणाले. ते वाक्य अजून मनातून जात नाही.

वर्क ॲक्टिव्ह जॉब ही कमांड लावून पाहिलं तर सीपीयू शंभर टक्के, पण एकही जॉब भारी दिसेना. वर्क सिस्टिम ॲक्टिव्हिटी लावल्यावर दिसलं: सीएफइंट नावाचं सिस्टिमचं स्वतःचं टास्क सगळा सीपीयू खात होतं.

या मशीनना दोन क्षमता असतात. एक पूर्ण प्रोसेसरची, जी बॅचला, म्हणजे स्क्रीन न अडवता मागे चालणाऱ्या कामाला, मिळते. दुसरी इंटरॅक्टिव्ह, म्हणजे 5250 स्क्रीनवरून (त्याच हिरव्या स्क्रीन) चालणाऱ्या जॉबची, आणि ती वेगळ्या कार्डावर ठरते. ती ओलांडली की सीएफइंट जागं होतं आणि सीपीयू गिळतं, त्यात बॅचसुद्धा रखडतं. आमच्या 2252 ला 1519 कार्ड असतं तर इंटरॅक्टिव्ह 50 मिळालं असतं. बसवलेलं होतं 1516. त्याचं इंटरॅक्टिव्ह सीपीडब्ल्यू शून्य! ॲडमिनिस्ट्रेटरची एक स्क्रीन चालावी, एवढीच त्यात सोय.

शनिवारी स्क्रीन एकच होती. डेमो त्या एका स्क्रीनवर आणि बॅचवरच का बेतला होता, ते तेव्हा कळलं. आयबीएमच्या तक्त्यात दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापलेले असतात. विक्रेत्याने त्यातला एकच उचलून आमच्या कोटेशनमध्ये टाकला होता.

दुपारी जुनं मशीन परत चालू केलं आणि सकाळच्या नोंदी पुन्हा हाताने मारल्या. मंगळवारचा टेम्पो मी गेटवरूनच रिकामा परत पाठवला. विक्रेत्याचं उत्तर ठरलेलं होतं: "आम्ही 950 लिहिलं, 950 दिलं." वकिलांनी कागद बघून नकारार्थी मान हलवली, कारण माझी सही होती. शेवटी 1519 कार्डासाठी वेगळे पैसे मोजले, मशीनच्या किमतीच्या जवळपास निम्मे. आणि मिळालं काय? स्क्रीनसाठी 43.9 च्या जागी 50. बावीसपट नाही, सव्वापटही नाही. वर्षभर मी आणि दोन प्रोग्रामर स्क्रीनवरून चालणारे रिपोर्ट आणि क्वेरी सबमिट जॉब कमांडने बॅचमध्ये हलवत बसलो. इनव्हॉइसची आकडेमोडसुद्धा डेटा क्यूमधून, म्हणजे प्रोग्रामांमधल्या निरोपाच्या रांगेतून, बॅच प्रोग्रामला दिली. तेव्हा कुठे महिनाअखेर निभायला लागली.

कोटेशनमध्ये इंटरॅक्टिव्ह सीपीडब्ल्यूचा आकडा वेगळ्या ओळीत लिहून घ्या, कार्डाच्या फीचर नंबरसकट. मशीन आलं की वर्क हार्डवेअर रिसोर्स लावून प्रोसेसरखाली इंटरॅक्टिव्ह कार्ड कोणतं दिसतं ते स्वतः बघा, इंजिनिअरच्या तोंडी भरवशावर राहू नका. आयसिरीजनंतरचं, 2004 पासूनचं आय5 घेत असाल तर स्टँडर्ड एडिशन की एंटरप्राइझ हे विचारा, स्टँडर्डमध्ये 5250 ची क्षमता शून्य असते. त्यापुढच्या, पॉवर6 प्रोसेसरच्या मोठ्या मशीनवर 5250 एंटरप्राइझ एनेबलमेंट आहे का, ते पाहा. आणि डेमो कामाच्या दिवशी घ्या, तीस-चाळीस माणसं खरोखर स्क्रीनवर बसवून, डिस्पॅचची माणसं त्यात धरून. तोवर चेक देऊ नका आणि जुनं मशीन गेटबाहेर जाऊ देऊ नका.