ओबीएस स्टुडिओ: नऊ महिने डिझाइन बोलून दाखवल्यानंतर

माझं काम पाकिटांचं आणि लेबलांचं. सांगलीत बसून करते. पूर्वी डिझाइन झालं की पीडीएफ पाठवायची आणि मग फोन. मी "वरचं नाव" म्हणायचे तेव्हा समोरचा तिसऱ्याच पानावर असायचा. शेवटी अर्ध्या तासाने "ठीकाय, पण जरा मोठं करा" एवढंच हाती लागायचं. गेल्या पावसाळ्यात ठरवलं, स्क्रीन रेकॉर्ड करायची, तिच्यावर बोलायचं आणि तेच पाठवायचं. तेव्हापासून चाळीसएक व्हिडिओ झालेत, सगळे ओबीएस या स्क्रीन रेकॉर्ड करायच्या सॉफ्टवेअरवर.

ओबीएस फुकट आहे आणि ओपन सोर्स, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला. २०१२ पासून आहे. मुळात गेम खेळणाऱ्यांच्या थेट प्रक्षेपणासाठी बनलेलं, आणि ते पहिल्या दिवशीच जाणवतं. उघडल्यावर समोर काळी चौकट, खाली सीन, सोर्स, मिक्सर अशी खोकी, आणि लाल बटण कुठेच नाही. आधी 'सीन' बनवायचा, म्हणजे व्हिडिओत काय काय दिसणार त्याची मांडणी, त्यात 'सोर्स' म्हणून स्क्रीन घालायची, माईक निवडायचा, मग रेकॉर्डिंग. मला एक अख्खा रविवार लागला. ज्यांना महिन्यातून एकदाच काहीतरी दाखवायचंय त्यांनी या वाटेला जाऊ नये, लॅपटॉपमधलं साधं रेकॉर्डर बास झालं.

आवाजाचं आधी सांगते, कारण चित्र थोडं धूसर असलं तर माणूस बघतो, आवाज फाटला की बंद करतो. माझ्याकडे साधा वायरवाला कॉलर माईक आहे. मिक्सरमधली पट्टी हिरव्यातून पिवळ्यात, म्हणजे उणे २० ते उणे ९ डेसिबलच्या मध्ये हलत राहिली की आवाज नीट येतो. लाल झाली की फाटायची भीती. नॉइज सप्रेशन फिल्टर पंख्याची घरघर छान गिळतो. कुकरची शिट्टी आणि भंगारवाल्याचा भोंगा मात्र त्याच्याही हाताबाहेर. पॉजचं बटण आहे, ते त्याच कामी येतं. एकदा अकरा मिनिटं मन लावून बोलले आणि नंतर कळलं की निवडलेला माईक लॅपटॉपचा होता. कॉलर माईक बिचारा ओढणीवर शोभेला. आता आधी दहा सेकंद रेकॉर्ड करून ऐकते, मगच खरं सुरू.

दुसरं, व्हिडिओ फाईलचा फॉरमॅट. सेटिंगमध्ये एमकेव्ही ठेवा. साध्या एमपी४ मध्ये रेकॉर्डिंग चालू असताना लाईट गेली की फाईल उघडतच नाही, कारण तिची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते. एमकेव्हीत तोपर्यंतचं सगळं शाबूत राहतं आणि नंतर ओबीएसमधूनच दोन क्लिकमध्ये एमपी४ करता येतं. ३०.२ आवृत्तीपासून हायब्रिड एमपी४ हा पर्यायही आलाय, त्यातही लाईट गेली तरी तोपर्यंतचं राहतं. डेस्कटॉपवर काम करणाऱ्याला लाईट जाण्याचं हे आमच्या गल्लीत वेगळं सांगावं लागत नाही.

आता खरा उपयोग. हळदीच्या पाकिटाचं काम होतं. मालक साठीचे, मी त्यांना काका म्हणते. डिझाइन बघून त्यांचा निरोप आला, "ताई, नाव जरा सुटं सुटं करा की, इंग्लिशवाल्यांचं असतंय तसं." फोनवर हे समजावायला गेले असते तर वाद झाला असता. मी चाळीस सेकंदांचा तुकडा रेकॉर्ड केला. नाव स्क्रीनभर मोठं केलं आणि बोलता बोलता अक्षरांमधलं अंतर वाढवत नेलं. आधी काही नाही, मग शिरोरेषेला बारीक चिरा, मग प्रत्येक अक्षर आपापली काठी घेऊन वेगळं उभं. उत्तर आलं, "ह्ये तर दात पडल्यागत दिसतंय की. ऱ्हाऊ दे." विषय संपला.

त्याच व्हिडिओत 'सांगली'तला ल दाखवला होता. बऱ्याच फॉन्टांत ल मुळात उभ्या दांड्याचा, हिंदी वळणाचा येतो. मराठीचा पाकळीयुक्त ल त्याच फॉन्टात लपलेला असू शकतो. मजकुराची भाषा मराठी निवडली की तो बाहेर येतो. दोन्ही एकाखाली एक ठेवून एवढंच म्हटलं, "काका, तुम्ही पाटीवर कुठला गिरवला होता?" २००९ च्या शासन निर्णयातही देठयुक्त श आणि पाकळीयुक्त लच आहे, पण ते सांगायची गरजच पडली नाही.

एक युक्ती मला उशिरा सापडली. त्यांना पिवळ्यावर पांढरं नाव हवं होतं. स्क्रीनवरच्या साध्या मजकुरासाठी निदान ४.५ला १ कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक, असावा असं सुलभतेचे (सगळ्यांना वाचता यावं यासाठीचे) निकष सांगतात. छापील पाकिटाला तो नियम लागत नाही, पण अंदाजाला बरा पडतो. इथे तो दोनालासुद्धा पोचत नव्हता. आकडा सांगून गिऱ्हाईक हलत नाही. म्हणून ओबीएसमध्ये सीनची नक्कल केली, नकलेला कलर करेक्शनचा फिल्टर लावून सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा गडदपणा, तळाला नेलं आणि दोन्ही सीनना कीबोर्डवरची एकेक कळ दिली. कळ दाबली की सगळं कृष्णधवल. पांढरं नाव राखाडीत जवळजवळ विरघळलं, गडद लाल रंगातलं नाव जागेवर राहिलं. करणाऱ्यांसाठी: फिल्टर सोर्सला लावलात तर दोन्ही सीन रंगहीन होतात. तो सीनलाच लावायचा. यात माझी एक संध्याकाळ गेली.

रंगांच्या बाबतीत मात्र व्हिडिओवर विसंबू नका. नेहमीच्या सेटिंगमध्ये रंगाची माहिती चित्राच्या मानाने कमी तपशिलात साठवली जाते, त्यामुळे पिवळ्यावरच्या बारीक लाल अक्षरांच्या कडा पसरतात. मेसेजिंग ॲपवरून व्हिडिओ म्हणून पाठवला की तो आणखी दाबला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवलेला जसाच्या तसा जातो. तरी समोरच्याच्या फोनची स्क्रीन काय दाखवील ते त्या फोनलाच ठाऊक. रंग पक्का करायचा असेल तर मी अजूनही छापील नमुना रिक्षाने धाडते.

ओबीएसमध्ये नसलेलं बरंच आहे. कर्सरभोवती गोल येत नाही, स्क्रीनवर रेघ मारता येत नाही. त्यासाठी झूमइट हे वेगळं छोटं सॉफ्टवेअर वापरते: कंट्रोल आणि १ दाबलं की झूम, २ दाबलं की लाल पेन. तेही फुकट. फिग्मात, म्हणजे मी डिझाइन करते त्या सॉफ्टवेअरमध्ये, कंट्रोल आणि उलटी तिरपी रेघ दाबून बाजूच्या सगळ्या पट्ट्या लपवते, नाहीतर फोनवर बघणाऱ्याला मुंग्याच दिसतात. कापाकापीची सोय नाही, वेगळं सॉफ्टवेअर लागतं. मी कापतच नाही. चुकले तर "थांबा, चुकीचं बोलले" म्हणून पुढे जाते आणि त्याबद्दल आजवर कुणी तक्रार केलेली नाही. सात मिनिटांची फाईल साठ-सत्तर एमबीत बसते. सातच्या वर गेलं की शेवटच्या मुद्द्यांवर उत्तर येत नाही, हा माझा अनुभव.

माझ्या स्वतःच्या कामावर याचा जो परिणाम झाला तो मी धरलाच नव्हता. पहिले काही व्हिडिओ नंतर ऐकले तर दर मिनिटाला "हे इथे छान दिसतं". का छान, तर पुढचं वाक्य नाही. फोनवर ते खपून जायचं, रेकॉर्डिंगमध्ये आपलंच तोंड आपल्याला पकडतं. आता रेकॉर्ड करताना "छान" तोंडात आलं की पॉज. कारण सुचलं तर पुढे, नाही सुचलं तर ती गोष्ट डिझाइनमधून काढते. हळदीच्या पाकिटावरची कोपऱ्यातली वेलबुट्टी अशीच गेली. दोन दिवस घालून रेखाटली होती मी ती.

नऊ महिन्यांनी पाचपैकी चार. एक गुण त्या रविवारचा कापला.

गेल्या आठवड्यात काकांचाच व्हिडिओ आला. नातवाने फोनवर काढलेला, ओबीएस वगैरे काही नाही. त्यांच्या ओळखीचं किराणा दुकान, ट्यूबलाइटचा उजेड, फळीवर आमची नमुन्याची पाकिटं आणि पुढ्यात शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लोंबतायत. मागून काकांचा आवाज: "ताई, बघा. तुम्ही म्हणला नजर आधी वर जाती. वर तर शाम्पू हाय." पाकिटाचा वरचा तिसरा हिस्सा माळांनी झाकला होता, नेमका नावाचा. व्हिडिओ बावीस सेकंदांचा होता. मी नाव खाली घेतलं आणि का घेतलं त्याचं रेकॉर्डिंग करायला बसले, तर सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं.