डिलिव्हरीनंतरच्या पेल्विक दुखण्यासाठी फिजिओ: दोन क्लिनिकचा रिव्ह्यू

आधी दुखणं नेमकं कुठलं ते सांगते, म्हणजे हा रिव्ह्यू तुमच्या कामाचा आहे का ते कळेल. कंबर नाही. कंबरेच्या खाली, कुल्ल्याच्या वर जिथे खळी पडते ना तिथे, एका बाजूला जास्त, आणि पुढे दोन जांघांच्या मधोमध जे हाड हाताला लागतं तिथे. एका पायावर उभं राहून पँट घालता येत नाही, झोपेत कूस बदलली की कळ येऊन जाग येते, जिना म्हणजे शिक्षा, आणि बाळाला एका कडेवर घेऊन उभं राहिलं की संपलंच. याला पेल्विक गर्डल पेन म्हणतात, म्हणजे कंबरेखालच्या हाडांच्या कड्यातलं दुखणं. प्रेग्नन्सीत साधारण पाचातल्या एकीला होतं आणि बहुतेकींचं डिलिव्हरीनंतर काही महिन्यांत आपोआप जातं. माझं गेलं नाही.

पहिलं क्लिनिक. स्वच्छ, वेळेवर नंबर, बोलणं गोड, तक्रार काहीच नाही, फक्त ट्रीटमेंट सोडून 😅 कुठे दुखतं विचारलं, मी बोट ठेवलं, तिथे शेकायला दिलं, करंटचं मशीन लावलं, कंबर दाबून एक कट्ट आवाज काढला आणि "हाड सरकलं होतं, बसवलंय" असं सांगून घरी पाठवलं. संध्याकाळपर्यंत खरंच हलकं वाटलं आणि दुसऱ्या दिवशी जैसे थे, मग परत शेक, परत मशीन, परत कट्ट. या हाड सरकण्याबद्दल मला बोलायचंच आहे कारण हे वाक्य ऐकल्यावर मी बाळाला उचलायला पण घाबरायला लागले होते. मागचा जो एसआय सांधा असतो, म्हणजे कण्याचं खालचं टोक आणि कंबरेचं हाड जिथे जुळतं तो, तो मुळात हलतोच एक-दोन मिलिमीटर, आणि तो सरकलाय की नाही हे नुसतं हाताने चाचपून खात्रीने सांगता येत नाही. दाबल्याने आराम मिळतो हे खरं, पण तो तात्पुरता. शिवाय निघताना व्यायामाचा छापील कागद दिला, सगळ्यांना तोच, त्यात पाठीवर झोपून मान-छाती उचलायचे पोटाचे व्यायाम. डिलिव्हरी कशी झाली हे सुद्धा कोणी विचारलं नव्हतं!

दुसरीकडे मॅडम फक्त बायकांचं पेल्विकचं काम करतात. पहिला पूर्ण वेळ तपासणीतच गेला. डिलिव्हरी कशी झाली, टाके, शिंकताना लघवी निसटते का, दूध पाजताना कशी बसता, सगळं. मग उताणं झोपवून सांगितलं, गुडघा न वाकवता एक पाय 20 सेंटिमीटर उचला. उचलेचना, जणू पायाला सिमेंटची गोणी बांधलीये. मग त्यांनी दोन्ही बाजूंनी कंबरेची हाडं हातांनी आत दाबून धरली आणि म्हणाल्या आता उचला बघू, आणि पाय चक्क उचलला गेला! माझ्यासाठी सगळ्या फीचे पैसे तिथेच वसूल झाले, कारण नेमकं काय बिघडलंय ते तेव्हा कळलं. सांध्याला आवळून धरणारे स्नायू म्हणजे पोटाचा आतला थर, पेल्विक फ्लोअर (लघवी-शौचाच्या जागेला खालून आधार देणारे स्नायू), कुल्ल्याचे स्नायू, हे वेळेवर काम करत नव्हते. हाड जागेवरच होतं. मग गुडघा उभा करून मांडीतून खाली दाब देऊन मागचा सांधा दुखतो का ते पाहिलं, एका पायावर उभं करून पाहिलं. आतून तपासणी करायची का तेही विचारलं, कशासाठी ते समजावलं, नाही म्हणालात तरी चालेल असंही सांगितलं. मी म्हटलं आज नको, तर विषय तिथेच संपला, तोंड वाकडं नाही.

मी विचारलं हे सगळं हार्मोनमुळे ना, प्रेग्नन्सीत सांधे सैल करतं म्हणतात ते रिलॅक्सिन वगैरे, तर म्हणाल्या तेवढं सोपं नाही, रक्तातलं रिलॅक्सिन जास्त म्हणजे दुखणं जास्त असा सरळ हिशोब अभ्यासांमध्ये नीट जुळलेला नाही.

बेल्ट दिला पण घालायची जागा बदलली. मी तो पार खाली, पुढच्या हाडावर आवळत होते, त्यांनी कंबरेची पुढची दोन टोकं लागतात त्याच्या जरा खाली बांधला. तो पण चालताना-कामाला, दिवसभर नाही.

व्यायाम सुरुवातीला इतके किरकोळ की वाटलं हे काय, श्वास सोडताना खालचं पोट आणि पेल्विक फ्लोअर हलकं आत ओढायचं, श्वास रोखायचा नाही. मग गुडघ्यांमध्ये उशी दाबणं, कंबर उचलणं, हातापायांवर रांगत्या पोझमध्ये एक पाय मागे, त्यानंतर उठबस, शेवटी हातात वजन घेऊन. दर वेळी बघून वाढवायच्या, दुसऱ्या दिवशी दुखलं की एक पायरी मागे. 2004 मध्ये नॉर्वेत 81 बायकांवर असा अभ्यास झाला होता, अशा खास व्यायामांची 20 आठवड्यांची ट्रीटमेंट, आणि त्या गटातल्या बायका दोन वर्षांनीही हे खास व्यायाम नसलेल्या फिजिओच्या गटापेक्षा बऱ्या होत्या. नंतरच्या एका अभ्यासात मात्र घरी करायला दिलेल्या व्यायामांनी फारसा फरक पडला नाही. त्यामुळे व्हिडिओ बघून करते म्हणणाऱ्यांनी एकदा तरी कुणाला तरी दाखवाच.

आता नावडलेलं. अपॉइंटमेंट मिळता मिळत नाही. बाळाला आत नेऊ देतात, चटईवर ठेवू देतात, पण लंगोट बदलायला धड जागा नाही, पेल्विक क्लिनिकमध्ये! आणि हे काम हळू आहे, मधे दुखणं उसळलं तेव्हा सगळं सोडावंसं वाटलं होतं. आता रात्री कूस बदलताना जाग येत नाही, जिना सरळ चढते, बाळ एका कडेवर जास्त वेळ घेतलं तर अजून लागतं.

पहिल्याला 2 स्टार, दुसऱ्याला साडेचार. आणि ताप, पायाच पडू न देणारं दुखणं, दोन पायांमधला भाग बधिर होणं किंवा लघवी-शौचावरचा कंट्रोल अचानक जाणं असं काही असेल तर फिजिओची अपॉइंटमेंट शोधत बसू नका, आधी डॉक्टर. दुसऱ्या क्लिनिकने हे प्रश्न फॉर्मवरच विचारले होते.